एक डाव पाह्यासारखा : सी. पी. बेरार सर्किटची वाटचाल

यशराज फिल्म्सनं देशभर चित्रपट पोचवण्यासाठी ज्या कचेऱ्या थाटल्या, त्यांची यादी अशी : मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, कोची, जालंधर, जयपूर, इंदूर आणि अमरावती. या यादीत नागपूर नाही. हायकोर्टाचं खंडपीठ, विमानतळ, विधानसभेचं हिवाळी अधिवेशन हे सगळं नागपूरला, पण पिक्चरची कचेरी अमरावतीला. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. पिक्चर अमरावतीहून येतो, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. कापूस अकोल्याच्या बाजारात जातो आणि संत्री वरुड-मोर्शीकडून येतात, तितकंच साधं ते ज्ञान होतं.

चित्रपटाच्या धंद्यानं देशाची स्वतःची एक वाटणी केली आहे. त्या प्रत्येक वाट्याला सर्किट म्हणतात, आणि आमच्या सर्किटचं नाव ‘सी. पी. बेरार’. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९३६ पासून ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ हे जोडनाव रूढ झालं. १९५० मध्ये त्या प्रांताचा मध्य प्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. सरकारी कागदांतून बेरार पुसला गेला. पिक्चरवाल्यांनी मात्र तो सोडला नाही. विदर्भ, महाकोशल आणि छत्तीसगड हे तीन तुकडे आज तीन राज्यांत आहेत, तरी धंद्याच्या वहीत ते एकाच पानावर राहिले. मुंबईचा निर्माता हक्क विकताना ‘सी. पी. बेरार कुणाला दिलं?’ असंच विचारत आला.

हे सर्किट म्हणजे एक संस्थाच, पण तिला स्थापना-दिन नाही. संस्थापकाची तसबीर नाही, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकाही नाही. वितरक आणि टॉकीजमालकांची ‘सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन’ ही संघटना आहे आणि तिचं मुख्यालय भुसावळला आहे. पण मी ज्या संस्थेविषयी लिहितो आहे, ती या संघटनेहून मोठी आहे. तिच्यात अमरावतीचे वितरक, त्यांचे फिरते प्रतिनिधी, अकोल्या-यवतमाळचे टॉकीजमालक, ऑपरेटर, तिकीट-खिडकीतला माणूस आणि थर्ड क्लासात बसणारा प्रेक्षक असे सगळे येतात. या सर्वांनी मिळून काही दशकं एक काम फार मन लावून केलं. ते म्हणजे धड चांगला नाही आणि धड वाईटही नाही, अशा पिक्चरबद्दल नेमकं मत देणं.

उत्तम पिक्चरला मताची गरज फारशी नसते आणि टाकाऊ पिक्चर दोन दिवसांत स्वतःच उतरतो. प्रश्न उरतो तो मधल्यांचा, आणि टॉकीज वर्षाचे बावन्न आठवडे चालते ती या मधल्यांवरच. हे पिक्चर येत ते रेल्वेनं. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी रेल्वे भुसावळहून पुढे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव अशी वऱ्हाडातून आरपार जाते. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा फुटतो. त्या फाट्यावरून कापसाच्या गाठी बाहेर गेल्या आणि रिळांच्या पेट्या आत आल्या.

कापसाचा उल्लेख सहज केलेला नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. उमरावतीचं, म्हणजे अमरावतीचं, ते तोडून घेतलेलं नाव. त्याच बाजारात अमेरिकी कापसाचा जो पायाभूत दर्जा धरत, त्याचं नाव ‘मिडलिंग’, म्हणजे मधला. त्याच्या वर ‘गुड मिडलिंग’, खाली ‘लो मिडलिंग’, आणि अधेमध्ये आणखी पायऱ्या. बाजार मधल्या मालावर उभा असतो, म्हणून मधल्याचीच सर्वांत बारीक प्रतवारी करावी लागते. आमच्याकडेही पहिल्या वेच्याचा कापूस वेगळा, फरदड वेगळी, पिवळी पडलेली कवडी वेगळी. बोटांत बोंड घेऊन ओल आणि धाग्याची लांबी सांगणारी माणसं ज्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या बसली, त्या पेठेनं पिक्चरचीही प्रत अशीच लावली. हा माझा अंदाज आहे, पण मला तो मनापासून पटतो.

आता ही प्रत लावायचे कशी, ते पाहू. अमरावतीचा वितरक निर्मात्याला ठरावीक रक्कम मोजून सर्किटचे हक्क घेई. तिला मिनिमम गॅरंटी म्हणत, बोलताना नुसतं ‘एमजी’. त्यावर प्रिंटांचा आणि जाहिरातीचा खर्च. मग टॉकीजचं भाडं वजा जाऊन जो ‘शेअर’ हाती येई, त्यावर पिक्चरचा निकाल ठरे. घातलेले पैसेही आले नाहीत तर ‘लूजिंग’. नुसते निघाले तर ‘एव्हरेज’. पैसे निघून वितरकाचं कमिशनही सुटलं तर ‘कमिशन अर्नर’. त्याच्याही वर गेला आणि जादा पैशात निर्मात्याला वाटा द्यायची वेळ आली, तर ‘ओव्हरफ्लो’. त्यानंतर सेमी-हिट, हिट, सुपरहिट. ‘ट्रेड गाइड’ आणि १९७३ मध्ये सुरू झालेलं ‘फिल्म इन्फर्मेशन’ ही मुंबईची धंद्याची साप्ताहिकं हीच भाषा बोलत. हिट आणि फ्लॉप या दोन टोकांमध्ये किती पायऱ्या आहेत ते मोजावं. वर्तमानपत्रातल्या समीक्षेत तेव्हाही एवढ्या पायऱ्या नव्हत्या.

हे मत पैशाचं होतं, कलेचं नव्हतं, असा आक्षेप लगेच येईल. अर्धा बरोबर आहे. पण पैशाच्या आकड्यामागे पाहणारा माणूस होता आणि त्याला वाचल्याशिवाय आकडा कळत नसे. वितरकाचा प्रतिनिधी प्रिंटसोबत गावोगाव जाई. दर खेळाला किती तिकिटं फाटली याचा हिशेब, म्हणजे डीसीआर, तो रात्री भरून पाठवी. त्याचं काम तिकिटं मोजण्याचं. पण आत बसल्याशिवाय त्याला राहवत नसे. कुठल्या रिळाला लोक बिडी प्यायला बाहेर पडतात, कुठल्या गाण्याला परत येतात, इंटरव्हलनंतर किती खुर्च्या रिकाम्या राहतात, हे त्याला पाठ होई. पिक्चर साधारण चौदा ते सोळा रिळांचा, एक रीळ दहा-अकरा मिनिटांचं. त्यामुळे पिक्चरचा दोषही रिळाच्या नंबरानं सांगितला जाई. नववं रीळ जड आहे. बाराव्यापासून उचलतो. शेवटची दोन रिळं दुसऱ्याच पिक्चरची वाटतात. ‘पटकथेचा उत्तरार्ध सैल आहे’ या वाक्यापेक्षा मला हे मत अधिक नेमकं वाटतं, कारण त्यात दोषाची जागा दाखवलेली आहे.

सर्किटला प्रिंटा मोजक्याच येत. मोठ्या नटाचा पिक्चर असला तर अमरावती-अकोल्याला पहिल्याच आठवड्यात, पण दर्यापूर, अकोट, कारंजा, परतवाडा इथं महिन्या-दोन महिन्यांनी, तोवर घासून पाऊस पडल्यासारख्या झालेल्या प्रिंटवर. कधी एकच प्रिंट दोन टॉकीजांत चाले. इकडलं रीळ संपलं की सायकलवरून तिकडे. पेटी पोचण्याआधी गावात मत पोचलेलं असे. एस.टी.चा कंडक्टर, अमरावतीला कॉलेजात शिकणारा पोरगा, बाजाराला गेलेला शेतकरी हे ते मत आणत. दर्यापूरच्या माणसाला तिकीट काढण्याआधी समीक्षा वाचायला नव्हे, ऐकायला मिळे. आणि हा समीक्षक उद्या पुन्हा चौकात भेटणार असे, त्यामुळे त्याला खोटं सांगून चालत नसे.

चौकांचा विषय निघालाच आहे. अमरावतीत चित्रा चौक आहे, सरोज चौक, श्याम चौक, प्रभात चौक आहे. टॉकीजांनी या गावाला पत्ते दिले. अकोल्यात माणिक टॉकीज ही नुसती इमारत नव्हती, खुणेची जागा होती. बहिरमच्या महिनाभर चालणाऱ्या जत्रेत रोडग्यांचा आणि हंडीतल्या मटणाचा वास येई, आणि तंबूतला पडदाही लागे. टॉकीजबाहेर शो सुटला की पुढच्या शोची माणसं आतून येणाऱ्याला गाठत आणि तीन शब्दांत विचारत : कसा हाय पिक्चर?

त्यावर येणारी उत्तरं माझ्या कानात अजून आहेत. ‘जमते.’ ‘बरा हाय.’ ‘पह्यला हाफ बेस हाय, मंग झोपते.’ ‘गाने चांगले हाय, बाकी काई खरं नाई.’ ‘पोट्ट्याईले आवडंन.’ ‘बायामान्साईले घेऊन जा, तू नोको जाऊ.’ आणि या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘एक डाव पाह्यासारखा हाय’. एक डाव, म्हणजे एकदा. यात दोन मतं आहेत. पाहण्यासारखा आहे, हे एक. दुसऱ्यांदा जाऊ नको, हे दुसरं. पिक्चरचा गुण आणि मर्यादा चार शब्दांत, कुणाचाही अपमान न करता. बोलणाऱ्यानं आपला वेळ आणि पैसा घालवून मिळवलेलं ते मत आहे.

प्रमाण मराठीत आपल्याकडे यासाठी शब्दांची ददात नव्हती. बरा, बेताचा, यथातथा, सामान्य, साधारण, मध्यम, सुमार. पण छापील समीक्षेनं यातल्या बहुतेकांना खाली ढकललं. ‘सुमार’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ गणती, अंदाज. आपण अजूनही ‘सुमारे शंभर माणसं’ म्हणतो तेव्हा त्यात निंदा नसते. पिक्चरला सुमार म्हटलं की मात्र तो संपलाच. ‘सामान्य’चंही तेच झालं. फक्त ‘बरा’ तगून राहिला. आजारी माणूस बरा होतो, पाऊस बरा पडतो, पोरगी बरी शिकते. या शब्दात मायेनं केलेलं मोजमाप आहे. वऱ्हाडी माणूस पिक्चरला ‘बरा हाय’ म्हणतो तेव्हा आवाजाच्या चढउतारावर त्याचे पाच अर्थ होतात, आणि ऐकणाऱ्याला पाचही कळतात.

छापील समीक्षेची मोठी परंपरा मी नाकारत नाही. बाबूराव पटेलांनी १९३५ मध्ये ‘फिल्मइंडिया’ सुरू केलं आणि लेखणीनं निर्मात्यांना घाम फोडला. १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ. या मंडळींनी मराठी प्रेक्षकाला कुरोसावा आणि बर्गमन दाखवले, चित्रपट वाचायला शिकवलं. आमच्यातल्या अनेकांचं ऋण तिथं आहे. पण या चळवळीचा सगळा जीव उत्तमावर होता, ते तिचं कामच होतं. सोमवारी दुपारी अकोल्याच्या टॉकीजमध्ये जे लागलं आहे ते पाहावं की नाही, हे सांगायला तिला सवड नव्हती. ती जागा सर्किटनं भरली.

सर्किट चुकलंही, आणि जोरात चुकलं. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला तेव्हा पहिल्या आठवड्यात धंद्यातल्या अनेकांनी तो पडला असं धरून टाकलं. शेवट बदलून पुन्हा चित्रीकरण करावं इथवर विचार गेला होता. त्याच वर्षीचा ‘जय संतोषी माँ’ म्हणजे स्वस्तातली देखावे-चमत्कारांची कारागिरी, सैल पटकथा आणि अनोळखी नट. त्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. तो आला आणि बाया चपला बाहेर काढून टॉकीजमध्ये शिरल्या, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळली. ‘अंदाज अपना अपना’ १९९४ मध्ये लागला आणि शेअरच्या हिशेबात मागे पडला. विस्कळीत आहे, एका प्रसंगाचा दुसऱ्याशी मेळ नाही, ही तेव्हाची तक्रार खरीच होती. पण त्याच विस्कळीतपणात जी गंमत होती ती पाहायला लोकांना केबलची आणि दहा वर्षांची गरज पडली. सर्किटचं मत पहिल्या फेरीच्या पैशावर उठे, आणि काही पिक्चर उशिरा पिकतात. एवढी मर्यादा त्या मताला होती.

सर्किटच्या नजरेनं एक पिक्चर पाहू, आमच्या मातीशी नातं असलेला. दिग्दर्शक राजदत्त धामणगावचे, जन्म १९३२. ‘मधुचंद्र’ (१९६७) पासून त्यांनी मराठीत चित्रपट केले. ‘शापित’, ‘पुढचं पाऊल’ आणि ‘सर्जा’ या त्यांच्या चित्रपटांना मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालं. पण मी बोलतो आहे ते १९७९ च्या ‘अष्टविनायक’बद्दल. सचिन आणि वंदना पंडित त्यात नायक-नायिका. देवावर विश्वास नसलेला तरुण संकटांतून जात शेवटी अष्टविनायकाच्या यात्रेला निघतो, एवढी गोष्ट. दोष लपलेले नाहीत. नायकाचा अविश्वास जितका जोरात मांडला आहे तितकाच झटकन तो मावळतो, मधल्या वाटेचा विचारच नाही. संकटं एकामागून एक अशी येतात की ती गोष्टीतून उगवलेली न वाटता हातानं लावलेली वाटतात. यात्रेच्या गाण्यात गोष्ट थांबते आणि ओळखीचे नट-नट्या एकेका देवळात उभे दिसतात. कडक समीक्षक इथं पेन बंद करील.

पण त्याच पिक्चरमध्ये मुलीच्या वडिलांच्या भूमिकेत पंडित वसंतराव देशपांडे आहेत. वसंतराव आमच्या मूर्तिजापूरचे, जन्म १९२०. लेकीला सासरी पाठवताना ते गातात तो प्रसंग पाहावा. शास्त्रीय गाण्यात ज्याच्या ताना अंगावर येत, त्या माणसानं इथं आवाज आवरून धरला आहे. बाप रडत नाही, गातो, आणि गाताना सूर किंचित जड होतो. वऱ्हाडातल्या कितीतरी लग्नांत पाठवणीच्या वेळी ते गाणं वाजलं आहे आणि मांडवातले दांडगे पुरुष तोंड फिरवून उभे राहिले आहेत. धामणगावच्या दिग्दर्शकानं मूर्तिजापूरच्या गवयाला तेवढी मिनिटं दिली. बाकीचा पिक्चर मध्यम आहे, मी तसंच म्हणेन. पण मध्यम पिक्चरमध्ये असं काही सापडतं आणि ते सांगायला मध्यम पिक्चर शेवटपर्यंत पाहिलेला माणूस लागतो. दोनच तारे देऊन मोकळा होणाऱ्याला हा प्रसंग सांगता येत नाही, कारण ताऱ्यांत प्रसंगाला जागा नसते.

विदर्भात मराठी पिक्चर चालत नाही, ही धंद्यातली जुनी समजूत. इथला प्रेक्षक हिंदीवर वाढला हे खरं. ‘माहेरची साडी’ (१९९१) आणि पुढे ‘सैराट’ (२०१६) यांच्यासारख्या पिक्चरांनी ती समजूत मोडली, पण अशा वेळा थोड्या. एरवी अमरावतीच्या कचेरीत हिंदीचाच हिशेब चाले, आणि नव्वदच्या दशकात त्या हिशेबात मिथुन चक्रवर्तींचं एक वेगळंच पान होतं. मुंबई सोडून ते ऊटीला राहिले, तिथंच कमी खर्चात, झपाट्यानं पिक्चर होऊ लागले. टी. एल. व्ही. प्रसाद यांच्यासारखे दिग्दर्शक ठरल्या दिवसांत पिक्चर संपवत. शहरातल्या समीक्षकांनी ते पाहिलेही नाहीत. पण अकोटच्या, पुसदच्या टॉकीजमालकाला दर काही आठवड्यांनी परवडेल अशा भावात नवा पिक्चर मिळे आणि पोस्टरवर ओळखीचा चेहरा असे. त्यांतला ‘जल्लाद’ (१९९५) तर असा की त्यातल्या खलनायकी भूमिकेसाठी मिथुनना फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला.

रामसे बंधूंचे ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) याच वाटेनं आले. भुताचा मुखवटा कुठं शिवला आहे ते दिसे. तरी रात्रीच्या शोनंतर पोरं घोळक्यानं घरी जात, एकटा कुणी निघत नसे. सर्किट या पिक्चरांना ग्रेट म्हणत नव्हतं. घासाघीस करून घेत होतं आणि काय आहे, काय नाही हे सांगून दाखवत होतं. मारामारी बरी आहे, गोष्ट मागच्याचीच आहे, नाच दोन आहेत. इतका प्रामाणिक माहितीचा व्यवहार मला नंतर कुठल्या जाहिरातीत दिसला नाही.

छापील समीक्षा आणि सर्किट या दोन जगांना जोडणारा एक माणूस होऊन गेला, त्याचं नाव घेतल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. जयप्रकाश चौकसे. जन्म १९३९, बऱ्हाणपूरचा, म्हणजे आमच्या शेजारचा. धंदा चित्रपट-वितरणाचा, मुक्काम इंदूर. ‘दैनिक भास्कर’मध्ये त्यांनी सव्वीस वर्षं रोज स्तंभ लिहिला. ‘दिव्य मराठी’तून तो मराठीतही येई. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी वाचकांचा निरोप घेतला आणि २ मार्चला ते गेले. ते राज कपूर आणि साहित्य यांच्याविषयी भरभरून लिहीत, पण पडलेल्या, विसरलेल्या, अर्ध्या जमलेल्या पिक्चरांविषयी लिहिताना त्यांचा हात विशेष हलका होई. ज्यानं रिळांच्या पेट्या उतरवून घेतल्या आहेत त्याला पिक्चर बनवण्यामागचे कष्ट आणि उधारी ठाऊक असते. त्यांचं मत कडवट झालं नाही ते म्हणून, असं मला वाटतं.

पुण्याच्या संग्रहालयाचे पी. के. नायर यांचीही भूमिका या बाबतीत आमच्या सर्किटला जवळची होती. काय जपावं हे आज ठरवणारे आपण कोण, म्हणून ते अभिजात पिक्चरबरोबर साधे, किरकोळ पिक्चरही मिळवून ठेवत. मूकपटांच्या काळात भारतात सतराशेच्या आसपास पिक्चर बनले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पूर्ण शिल्लक आहेत. जे गेले ते सगळे काही श्रेष्ठ नव्हते. बहुतेक ‘एक डाव पाह्यासारखे’च असणार. पण त्या काळचा माणूस काय पाहत होता, हे आता कुणालाच पाहता येणार नाही.

सरकारनंही मधल्या पिक्चरची प्रत लावून पाहिली. दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देताना परीक्षण समिती गुण देते, ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये अशी योजना झाली. हेतू चांगला. ‘ब’ म्हणजे उणा नव्हे, मदतीला पात्र, हे सरकारनं मान्य केलं याचं मला समाधान आहे. पण ‘ब’ का, नववं रीळ जड म्हणून की शेवट घाईचा म्हणून, हे प्रेक्षकाला कळत नाही.

२००५ नंतर उपग्रहावरून थेट टॉकीजमध्ये पिक्चर उतरू लागले. परतवाड्याला आणि पुण्याला एकाच शुक्रवारी, एकसारखा स्वच्छ. ही मोठी न्यायाची गोष्ट झाली, घासलेली प्रिंट पाहून डोळे चोळणाऱ्या आम्हाला तिचं मोल कळतं. पण पेटी गेली तसा पेटीबरोबरचा प्रतिनिधी गेला, आणि पिक्चरआधी पोचणारं मतही गेलं. आता मत येईपर्यंत पिक्चर उतरलेला असतो. मध्यम पिक्चर तोंडी मतावर दुसऱ्या आठवड्यात उभा राहायचा, त्याला दुसरा आठवडाच उरला नाही. टॉकीजा एकेक करून बंद पडल्या, काहींची मंगल कार्यालयं झाली, काही नुसत्या उभ्या आहेत. मार्च २०२० मध्ये दारं मिटली, मधले काही महिने अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. काही उघडलीच नाहीत.

मला सर्वांत जास्त बोचतं ते थर्डचं तिकीट जाणं. ‘एक डाव पाह्यासारखा’ हे मत तिकिटाच्या दराला बांधलेलं आहे. मजुरीतून सहज सुटतील एवढ्या पैशांत पिक्चर मिळत होता तोवर बरा पिक्चर बरा होता. चौघांच्या कुटुंबाला तिकीट, पार्किंग आणि मक्याच्या लाह्या धरून हजार रुपये मोजावे लागले की त्याच पिक्चरला लोक शिव्या देतात. पिक्चर बदललेला नसतो. त्याच्याकडून मागितलं जातं ते बदललेलं असतं. मग निर्मातेही एक तर डोळे दिपवणारं प्रचंड काही करतात, नाही तर काहीच करत नाहीत. मधल्या मालाची पेठ उठली.

मधला पिक्चर त्यातूनही घरात शिरला. ‘सूर्यवंशम’ २१ मे १९९९ ला लागला आणि टॉकीजमध्ये फार टिकला नाही. त्याच वर्षी सेट मॅक्स वाहिनी सुरू झाली आणि पुढे तिनं तो इतक्यांदा दाखवला की पोरांना संवाद पाठ झाले. बाप-लेकाच्या दोन्ही भूमिकांत अमिताभ, तीन तासांत चार पिक्चरांचा मजकूर, आणि विषाच्या खिरीचा प्रसंग. दोष मोजायला बसलं तर संध्याकाळ जाईल. पण दुपारी जेवणानंतर तो लागला की आमच्याकडे कुणी उठून वाहिनी बदलत नाही. आईला जिल्हाधिकारी झालेली सून आवडते. तिचं ते मतही मी नोंदवून ठेवतो.

परवा अकोल्याच्या मल्टिप्लेक्समध्ये एका नव्या पिक्चरला गेलो होतो. हॉल निम्मा भरलेला. इंटरव्हलला पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना घरून फोन आला असावा. ते जिन्याच्या कठड्याला टेकून, एक कान बोटानं बंद करून बोलत होते. पह्यला हाफ जमते, म्हणाले. मग थोडं थांबले, आत दिवे मंद होताना दिसले तसे घाईनं म्हणाले, आताच तिकिटं नोको काढू, दुसरा पाहून सांगतो.